काचेचं दार धाडकन आपटतं आणि खाली घासतं. नक्की काय बदलायचं?

आप्पा_कारेलीबाग
३ डिसेंबर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच लिहितो.

इथे बडोद्याला कारेलीबागेत माझ्या सुनेचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तळमजला, रस्त्याला लागून. समोर एकच काचेचं दार, सात फूट बाय तीन फूट, बारा मिलिमीटर जाड. चौकट नाही. वर-खाली स्टीलचे चिमटे आणि जमिनीत ते मशीन, फ्लोअर स्प्रिंग. २०१९ साली बसवलं आणि पाच वर्षं त्याने हूं की चूं केलं नाही. मग ऑगस्ट २०२४ चा पूर आला. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि क्लिनिकात दोन दिवस मांडीभर पाणी उभं राहिलं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसला, फरशी ॲसिड टाकून टाकून घासली, भिंती रंगवल्या, ट्रॅक्शनचा टेबल भंगारात दिला. दाराकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. काचच ती, पुसली की झालं.

आता या दिवाळीपासून दाराची नाटकं सुरू झाली आहेत. मी रेल्वेत सिग्नल खात्यात ३४ वर्षं काढली, त्यामुळे बिघाडाची वही ठेवायची खोड आहे. वहीतलं उतरवतो.

८ नोव्हेंबर: पूर्ण उघडलेलं दार सोडल्यावर मिटायला पाच सेकंद.
१९ नोव्हेंबर: तीन सेकंद. शेवटी हलका धक्का.
२७ नोव्हेंबर: दीड सेकंद. धाडकन. वॉकर घेऊन आत येणाऱ्या एका आजींच्या खांद्याला लागलं. सुदैवाने नुसतं लागलं.
३० नोव्हेंबर: उघडताना हँडलच्या बाजूला खाली कर्रर्र. फरशीवर पांढरी कमान उमटली.
२ डिसेंबर: हँडलकडच्या खालच्या कोपऱ्याला टवका उडालेला. करंगळीच्या नखाएवढा.

सुनेच्या निम्म्या पेशंटचे गुडघे बदललेले असतात. दार अंगावर आलं तर चटकन बाजूला होणं त्यांना जमत नाही. म्हणून मला हे आपटणं आधी थांबवायचं आहे. काल एक ठेकेदार येऊन गेला. लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "साहेब, आखो दरवाजो बदलवो पडशे." चौतीस हजार. मी विचारलं, नक्की काय गेलंय? म्हणे, सगळंच. आमच्या खात्यात बिघाडाच्या रकान्यात कुणी 'सगळंच' लिहिलं असतं तर त्याला साहेबाने त्याच रात्री रुळावरून चालत पाठवलं असतं.

तर मशीन दुरुस्त होतं का? घासणं कशामुळे? आणि त्या टवक्यात गाडीच्या काचेला भरतात तसं काही भरता येईल का? दिसायला वाईट दिसतो, एवढंच त्याचं.

---

भूषण_मांजलपूर
३ डिसेंबर

आप्पाकाका, चौतीस हजार? लुटायला बसलेत. फरशीतल्या मशीनवरची स्टीलची पट्टी उघडा. आत स्पीडचा स्क्रू असतो, तो गच्च आवळून टाका. दार मुंगीसारखं मिटेल. टवक्याचं म्हणाल तर कोपरा ग्राइंडरने गोल करून घ्या. माझ्या टीपॉयच्या काचेचा असाच करून घेतला, कळतसुद्धा नाही.

---

काचवाला_रावपुरा
३ डिसेंबर, रात्री

भूषणभाऊ, तुमच्या टीपॉयची काच साधी असणार, म्हणून तुम्ही आज हे लिहायला आहात. आप्पाकाका, हात जोडून सांगतो, ग्राइंडर त्या दाराच्या आसपास फिरकू देऊ नका.

आमचा काचेचा धंदा वडिलांपासूनचा. ते वाड्यांच्या खिडक्यांना लांबी भरून काचा बसवायचे. फुटली की हिरकणीने नवा तुकडा कापायचा, चार चुका ठोकायच्या, काम झालं. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलातल्या बेल्जियमच्या रंगीत काचा पाहिल्या असतील तुम्ही. तसल्या कामात एक तुकडा गेला तर तेवढाच बदलता येतो. तुमच्या दाराची काच त्या जातीची नाही, ती टफन आहे. सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोतांनी एकदम गार करतात. बाहेरचे थर आधी घट्ट होतात, गाभा मागाहून आकसतो आणि बाहेरच्यांना आत ओढत बसतो. वरचं कायम आवळलेलं आणि आतलं कायम ताणलेलं. ताकद त्यातूनच येते आणि मरणही त्यातच. वरचा आवळलेला थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण एक पंचमांश, म्हणजे तुमच्या बारा मिलिमीटरमध्ये जेमतेम सव्वादोन-अडीच मिलिमीटर. टवका त्याच्या आत आहे तोवर दार उभं. तो गाभ्याला पोचला की तडा वगैरे जात नाही, अख्खी काच एका क्षणात साबुदाण्यासारखी खाली येते.

म्हणून भरायचा प्रश्नच येत नाही. गाडीच्या पुढच्या काचेत मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तडा एका थरात अडकून राहतो, म्हणून तिथे रेझिन चालतं. टफन एक तर शाबूत असते, नाही तर नसतेच. तिला घासायचं नाही, कापायचं नाही, भोक पाडायचं नाही. जे करायचं ते भट्टीत जाण्याआधी.

खात्री करायची असेल तर कोपऱ्यात शिक्का शोधा. नसेल तर पोलराइज्ड गॉगल लावून काचेतलं आभाळाचं प्रतिबिंब तिरकं बघा. ठिपके किंवा पट्टे दिसले तर टफनच.

तुम्ही आपटण्याला पहिला नंबर दिलाय आणि टवक्याला शेवटचा. मी उलटा देतो. त्या कोपऱ्याला रोज फरशीचा फटका बसतोय. उद्यापासून दार हलवू नका. पूर्ण उघडून रबरी पाचर मारा, पुढे खुर्ची ठेवा, रात्री शटर ओढा. डिसेंबर आहे, एसीवाचून अडत नाही. काचेला दोन्ही बाजूंनी सेफ्टी फिल्म लावून घ्या, म्हणजे गेलीच तर खडे चिकटून राहतील.

आता मशीन. आत स्प्रिंग असते, ती दार ओढते, आणि तेल तिला आवरून धरतं. पाच सेकंदांवरून दीड सेकंदावर आलं म्हणजे आवरणारं उरलेलं नाही. तेल गळालंय. स्क्रू कितीही आवळा, काय आवळणार? आणि तेल असलेल्या मशीनचा स्क्रू गच्च आवळला तर दार अडतं, लोक ढकलतात आणि सील फाटतं. चांगल्या मशीनलाही एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. उलटा फिरवत बसलात तर स्क्रूच बाहेर येतो आणि मागोमाग तेलाची पिचकारी.

पट्टी उघडून बघा आणि फटी मोजून इथे टाका. भिंतीकडची खालची, हँडलकडची खालची, आणि भिंतीलगतची उभी फट वर किती, खाली किती. सिग्नलवाल्याला मोजायचं शिकवत नाही.

---

आप्पा_कारेलीबाग
५ डिसेंबर

दाराला पाचर मारली. पुढे मी स्वतःच खुर्ची टाकून बसतोय, पेशंट मला वॉचमन समजून टोकन मागतात.

पट्टीचे दोन स्क्रू गंजून एकजीव झाले होते, रॉकेल सोडून रात्रभर ठेवले तेव्हा सुटले. आत बघितलं आणि बराच वेळ बोललो नाही. डबा चिखलाने भरलेला. वरून वाळलेला, खाली ओला, काळा, आणि त्यात तेलाचे इंद्रधनुषी डोळे. पूर ओसरून इतके महिने झाले, पण या खड्ड्यातून विश्वामित्री गेलेलीच नव्हती. मशीनच्या अंगावरची गंजाची पापडी चमच्याने निघत होती.

मापं: भिंतीकडे खाली ९ मिलिमीटर. हँडलकडे खाली ४, आणि कमान उमटली आहे तिथे शून्य, कागदही जात नाही. उभी फट वर ६, खाली ३. हँडल धरून वर उचललं तर दार किंचित उचललं जातं आणि 'टक्' करून बसतं.

गॉगल जावयाचा घेतला. ठिपके दिसले. अख्ख्या काचेवर चित्त्यासारखे! पाच वर्षं रोज या दारातून ये-जा केली आणि हे कधी दिसलं नाही.

---

काचवाला_रावपुरा
५ डिसेंबर

भिंतीकडची ९ म्हणजे मशीनचा दांडा उंचीला जागेवर आहे. दार हँडलकडे झुकलंय. वरची उभी फट मोठी आणि खालची लहान, म्हणजे तेच. 'टक्' आवाज खालच्या चिमट्यातून येतोय असं वाटतं. चिमटा आणि काच यांच्यामध्ये गॅस्केट असतं, ते झिजलं-कुजलं की बोल्ट ढिले पडतात आणि काच चिमट्यातून सरकते. सरकल्यावर स्टील थेट काचेला टेकतं, हे टवक्याइतकंच वाईट. एक विचारतो. पुरानंतर ॲसिडने फरशी घासली म्हणालात. ती एकदाच की अजूनही?

---

आप्पा_कारेलीबाग
५ डिसेंबर

दर शनिवारी. पुरानंतर फरशीचे सांधे काळे पडले होते, म्हणून बाईंना मीच सांगितलं होतं. उंबऱ्याजवळ जरा जास्त ओता, असंही मीच.

---

काचवाला_रावपुरा
५ डिसेंबर

मग पुराला एकट्याला दोष देऊ नका. बाथरूमचं ते ॲसिड स्टेनलेस स्टीललाही खातं, बारीक बारीक खड्डे पडतात. पट्टीच्या फटीतून दर शनिवारी ते डब्यात जात होतं. पुराने दिलेला घाव तुम्ही आठवड्याला मीठ लावून ताजा ठेवलात. रागावू नका.

---

शैलजा_इंदूर
६ डिसेंबर

काचवाल्या भाऊंचं बोलणं कुणाला बढाचढाकर वाटत असेल तर माझं ऐका. इंदूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं साड्यांचं दुकान आहे. दाराचं कुलूप बदलायचं होतं, नवं कुलूप जुन्या भोकात बसेना. सुतार म्हणाला, भाभी, बाजूला एक छेद मारतो, दोन मिनिटांचं काम. मी काउंटरवर होते. ड्रिल टेकवल्याचा आवाज ऐकला, आणि पुढचा आवाज गारा पडल्यासारखा. मान वर केली तर दार नव्हतंच. सुताराच्या हातात ड्रिल, आणि वरच्या चिमट्यात तळहाताएवढा तुकडा लटकलेला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण चंदेरीच्या घड्यांतून काचेचे खडे आम्ही संक्रांतीपर्यंत वेचत होतो.

आप्पा, नवीन काच घ्याल तेव्हा लॅमिनेटेडची चौकशी करा. टफनच्या दोन काचा आणि मध्ये पापुद्रा. महाग पडते आणि जडही, पण फुटली तरी चिकटून राहते. आम्ही तीच बसवली. आणि दारावर डोळ्यांच्या उंचीला काहीतरी पट्टी लावाच. आमच्याकडे एक गृहस्थ हातातल्या कचोरीसकट बंद दारावर आदळले होते.

---

भूषण_मांजलपूर
६ डिसेंबर

मी माझा ग्राइंडरचा सल्ला मागे घेतो. टीपॉयवरून मुलांचे पायही खाली काढले.

---

आप्पा_कारेलीबाग
७ डिसेंबर

लॅमिनेटेडचं विचारलं. भावही जास्त, आणि त्या जाडीला हे जुने चिमटे चालणार नाहीत, नवे घ्यावे लागतील. सुनेने हिशेब केला आणि टफन अधिक फिल्म असं ठरवलं. दाराचं वजन किती धरायचं? कारीगर म्हणतो, मोठंच मशीन घ्या. मोठं म्हणजे किती मोठं?

---

काचवाला_रावपुरा
७ डिसेंबर

सोपं आहे. एक चौरस मीटर काच, एक मिलिमीटर जाडी, अडीच किलो. तुमचं दार दोन चौरस मीटरला थोडं कमी, बारा मिलिमीटर, म्हणजे अठ्ठावन्न-साठ किलो. शंभर किलोचं मशीन भरपूर झालं. उगाच जास्त ताकदीचं घेतलंत तर ढकलायला जड जाईल, आणि तुमच्या पेशंटांना तेच नको आहे. ९० अंशाला थांबणारं घ्या, व्हीलचेअर आत घेताना दार धरून उभं राहावं लागत नाही.

काचेची ऑर्डर देताना जुन्या दाराच्या मापावर देऊ नका. जागेची मापं वर, मध्ये, खाली, तिन्हीकडे घ्या. चिमट्यांची खाच, हँडलची भोकं, कुलूप, सगळं कागदावर काढून द्या आणि त्यावर सही करून घ्या. भट्टीतून आल्यावर अर्धा मिलिमीटरही बदलता येणार नाही. शिक्का आयएस २५५३ चा बघून घ्या. कडा चारी बाजूंनी घासून गुळगुळीत केलेल्या हव्यात, बोट फिरवून बघा.

आणि ती कमान उमटलेली फरशी ठोकून बघा, पोकळ वाजते का. पुरानंतर फुगल्या आहेत अनेकांच्या. ती न बसवता नवीन काच लावलीत तर पुढच्या दिवाळीला परत भेटू. काम उत्तरायणच्या आधी उरका, १४ जानेवारी जवळ आली की आपल्याकडचे कारीगर गच्चीवरून खाली उतरत नाहीत.

---

आप्पा_कारेलीबाग
११ जानेवारी

काम झालं. उशीर फरशीमुळे. ती पोकळ वाजत होतीच, शेजारच्या दोघीही. तिन्ही उखडून बसवल्या. एक फरशी दीड मिलिमीटर वर आली होती. दीड मिलिमीटर! डोळ्याला दिसत नव्हती, पट्टी आडवी ठेवून खालून टॉर्च मारला तेव्हा उजेडाची रेघ दिसली.

मांडवीजवळचा कारीगर आणि त्याचे दोन पोरगे आले होते. जुनं दार उतरवताना मी सगळ्यांना बाहेर काढलं, मी मात्र आत थांबलो, सून ओरडत होती. आधी काचेखाली लाकडाचे ठोकळे सरकवले, मग काचेला रबरी सक्शन लावले, मग खालचा चिमटा सोडला. चार बोल्टांपैकी दोन हातानेच फिरत होते. गॅस्केटच्या जागी तपकिरी पूड. तीन माणसांनी दार उचललं तेव्हा कुणी बोलत नव्हतं, बाहेरच्या रिक्षासुद्धा गप्प झाल्यासारख्या वाटल्या. दार काही न होता बाहेर गेलं.

मशीन काढताना मात्र घाम फुटला. डबा सिमेंटात रुतला होता, तासभर छिन्नी चालली. निघाला तेव्हा तळाला अक्षरशः भोकं पडली होती. नवा डबा बसवून सिमेंट सुकायला दोन दिवस दिले. मशीन बसवल्यावर भोवतीच्या पोकळीत कारीगराने मेणासारखा मसाला वितळवून ओतला. पाण्याला शिरायला जागाच नको, म्हणे. जुन्या डब्यात हे केलेलंच नव्हतं. पुराच्या पाण्यापुढे ते किती टिकलं असतं कोण जाणे, पण शनिवारचं ॲसिड तरी अडलं असतं.

खर्च: मशीन ४,२००, काच ४,८००, मजुरी २,०००. फरशी आणि फिल्म वेगळी. वरचा चिमटा आणि हँडल जुनंच, खालचा चिमटा घासूनपुसून नव्या गॅस्केटवर बसवला. चौतीस हजारवाल्याचा परवा फोन आला होता. म्हटलं, सगळंच नव्हतं हो गेलं.

वेग मी स्वतः लावला. दोन स्क्रू आहेत. एक मोठ्या फेऱ्याचा, एक शेवटच्या थोड्या अंशांचा. पाव पाव फेरा, प्रत्येक वेळी घड्याळ. आता एकूण आठ सेकंद, त्यातले शेवटचे तीन नुसते टेकायला. गुडघा बदललेल्या एका काकांना चार वेळा आत-बाहेर करायला लावलं. पाचव्यांदा ते वैतागले.

ॲसिडची बाटली क्लिनिकातून हद्दपार. बाईंनी विचारलं, मग काचेवरचे पाण्याचे पांढरे डाग कशाने काढू? सून म्हणाली व्हिनेगर आणि मऊ फडकं. ब्लेडने खरवडायचं नाही, रेघा उठतात. वहीत नवीन पान केलंय: दर तीन महिन्यांनी फटी मोजणे, बोल्ट तपासणे, पट्टी उघडून डबा कोरडा आहे ना बघणे.

भाऊ, एक शेवटचं. जुनं दार जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलंय. एवढी बारा मिलिमीटरची काच, टाकवत नाही. टवक्याची बाजू कापून काढली तर गच्चीवर बसायला झकास टेबल होईल. चार फूट बाय तीन फूट पुरे.

---

काचवाला_रावपुरा
११ जानेवारी

आप्पाकाका, तुम्ही माझं पहिलं उत्तर परत वाचा.

---

आप्पा_कारेलीबाग
११ जानेवारी

वाचलं. दोन पोत्यांची सोय करतो आणि तुमच्याच कारीगराला बोलावतो. जिन्याखालून लहान मुलांची ये-जा आज संध्याकाळपासून बंद.